फॉर्म्युला वनचा ड्रायव्हर आयर्टन सेन्ना शर्यतीतल्या अपघातात गेला, मग शिक्षा कुणाला झाली?

कुणालाच नाही. पण विचारलंय तेवढं हे सोपं नाही.

१ मे १९९४, इटलीतलं इमोला. सेन्नाची विल्यम्स संघाची गाडी टॅम्बुरेलोच्या वळणावर सरळ भिंतीवर गेली. आधी त्यानेच सांगितलं होतं, कॉकपिटमध्ये हात घासतात, जागा करा. म्हणून स्टिअरिंग कॉलम, म्हणजे स्टिअरिंगचा दांडा, कापून मध्ये कमी जाडीचा पाइप वेल्ड केला. अपघातानंतर तो तुटलेला सापडला. आधी तुटला की धडकेने, यावर वर्षानुवर्षं वाद झाला. १९९७ मध्ये खटल्यातले सगळे आरोपी सुटले. २००७ मध्ये इटलीच्या सर्वोच्च न्यायालयाने विल्यम्सचा तांत्रिक प्रमुख पॅट्रिक हेड याच्यावर जबाबदारी टाकली, पण तोवर खटल्याची मुदत संपली होती.

माझं तुर्भ्याला गॅरेज आहे, म्हणून तो वेल्ड डोक्यातून जात नाही. गिऱ्हाईक घाई करतं, आपण ‘होऊन जाईल’ म्हणतो. गिऱ्हाइकाने मागितलं म्हणून जोड आपला नाही, असं थोडंच होतं?

फॉर्म्युला वनचाच ड्रायव्हर ज्यूल बियांकी, त्याचं उलट, तिथे बोट ड्रायव्हरकडेच गेलं. जपानमधलं सुझुका, २०१४, पावसात गाडी क्रेनखाली घुसली. चौकशी समितीने दुहेरी पिवळ्या झेंड्याला (पुढे मोठा धोका, वेग कमी करा) त्याने पुरेसा वेग कमी केला नाही असं म्हटलं. असेलही, पण शर्यत चालू असताना क्रेन आत सोडली कुणी? पुढच्याच वर्षी व्हर्च्युअल सेफ्टी कार, म्हणजे धोका असेपर्यंत सगळ्याच गाड्यांना वेग कमी ठेवायला लावणारी पद्धत, आली, यातच काय ते समजा.

आणि हो, नवी मुंबईच्या पाम बीच रोडवर रात्री पळवणाऱ्यांनी सेन्नाचं नाव घेऊ नये. तिथे समोरून येणाऱ्याने शर्यतीतल्या ड्रायव्हरसारखा धोका पत्करायचा कुठला करार केलेला नसतो. कुणी मेलं तर भारतीय न्याय संहितेचं निष्काळजीपणाचं कलम १०६ लागतं, पाच वर्षांपर्यंत कैद.