हरिपाठ म्हणूनही राग येतो, मग भक्ती खोटी का?

“मॅडम, माळ घातलीय, रोज हरिपाठ म्हणतो. तरी मायवर ओरडलो. माझी भक्तीच खोटी असंल का?”

हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत बरीच मुलं मला विचारतात. हा गंगाखेडकडचा, छत्रपती संभाजीनगरात एम.ए. करणारा. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) आईवडील ऊसतोडीला गेलेले. आईनं फडावरून फोन केला, “जेवलास का?” एवढंच विचारलं, आणि हा भडकला. मग आठ दिवस फोन नाही. हरिपाठ मात्र दिवसातून दोनदा.

भक्तीचं मी काहीच बोलले नाही. विचारलं, “फोन यायच्या आधी काय झालं होतं?”

बराच वेळ तो माळेचे मणी फिरवत बसला. मग सांगू लागला. मेसचे दोन महिन्यांचे पैसे थकलेले. मेसवाल्यानं सगळ्यांदेखत, ताटावर बसलेला असताना टोकलं. तो तसाच उठून आला आणि तेवढ्यात आईचा फोन.

“तेव्हा काय वाटलं?”

“राग.”

“त्याच्याआधी?”

डोळे भरून आले. “लाज वाटली, मॅडम. मुकादमाची उचल घेऊन त्यांनी माझी फी भरली. आता मेसचं कोणत्या तोंडानं सांगू?”

रागाखाली लाज, लाजेखाली आईबापाची काळजी. आमची मुलं या सगळ्याला ‘टेन्शन’ म्हणतात आणि गप्प बसतात. पीटर सॅलोव्हे आणि जॉन मेयर या मानसशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये भावनिक बुद्धिमत्ता मांडली, ती अशी: आपल्या नि दुसऱ्याच्या भावना ओळखायच्या, त्यांतला फरक जाणायचा आणि त्यावरून विचार नि वागणं ठरवायचं. राग येऊच नये, ही अट त्यात नाही. भक्तीतही नाही. गंगाखेडचीच जनाबाई अभंगात विठ्ठलाला चांगलं फैलावर घेते, हे मी आठवून दिलं तेव्हा तो पहिल्यांदा हसला.

“हरिपाठ सोडू नकोस,” मी म्हटलं. “पण राग दाबायला म्हणू नकोस. काय वाटतंय ते आधी एका ओळीत वहीत लिही, मग म्हण.”

वहीनं मेसची बाकी फिटत नाही. म्हणून ‘कमवा व शिका’ योजनेच्या चौकशीलाही पाठवलं.

पुढच्या आठवड्यात वही घेऊन आला. मंगळवारी लिहिलं होतं: ‘मेसवाला परत बोलला. लाज. मायचा फोन आला. म्हणलं, माय, आत्ता डोकं ठिकाणावर नाही, तासाभरानं करतो.’

खाली वेगळ्या शाईत: ‘केला.’