स्पेनमध्ये घर घेतलेल्या नव्या मालकास
नव्या घराबद्दल मनःपूर्वक अभिनंदन. स्पेनमधील मालकसंघ, म्हणजे एकाच इमारतीतील किंवा संकुलातील घरमालकांचा संघ, १९६० च्या कायद्यानुसार चालतो आणि घर घेताच आपण त्याचे सदस्य होता; म्हणून आपला पत्ता आधी सचिवाला लेखी कळवा, नाहीतर संघाच्या सूचना आपण नसताना बंद असलेल्या या घरीच जातील आणि त्या आपल्याला मिळाल्या असेच कायदा मानेल.

सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे नाराजीपोटी वर्गणी थांबवणे: थकबाकीदाराला सभेत बोलता येते, पण मतदान करता येत नाही. वार्षिक सभेला जाणे शक्य नसेल, तर विश्वासू शेजाऱ्याला सहीचे अधिकारपत्र द्या. संघाचा रोजचा कारभार पाहणाऱ्या प्रशासकावर रागावण्यात अर्थ नाही. निर्णय सभेचा असतो, आणि अध्यक्ष मालकांपैकीच एक असतो. सभेचे इतिवृत्त येताच वाचा, कारण गैरहजर मालकाने ३० दिवसांत विरोध कळवला नाही, तर काही ठरावांत त्याचे मौन संमती म्हणून मोजले जाते.