बाप्तिस्मा होऊन तीन वर्षं झाली, तरी माझ्या ख्रिस्ती जीवनात फळ का दिसत नाही? वाढ होतेय हे कसं ओळखायचं?

तुम्ही लिहिलंय की सेलच्या, म्हणजे मंडळीतल्या (चर्चमधल्या) छोट्या गटाच्या, लीडरनी तुम्हाला बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या 13व्या अध्यायातलं, तीन वर्षं फळ न देणारं अंजिराचं झाड म्हटलं, कारण तीन वर्षांत तुम्ही एकालाही प्रभूकडे आणलं नाही. ते वाचून माझं डोकंच फिरलं, म्हणून लिहायला बसले.

त्यांना सांगा, दाखला सातव्या वचनावर संपत नाही. तोडून टाक, असं मालक म्हणतो खरं. पण पुढे माळी मध्ये पडतो, आणखी एक वर्ष मागून घेतो, आणि भोवती खणायचं, खत घालायचं काम स्वतःच्या अंगावर घेतो. त्या झाडाला शेवटी फळ आलं की नाही हे येशूने सांगितलेलंच नाही. शिवाय अध्यायाच्या सुरुवातीपासून विषय चाललाय पश्चात्तापाचा. डोकी मोजण्याचा तिथे संबंधच नाही.

माझ्या बाबतीत हेच झालं होतं, फक्त शास्त्रभाग वेगळा. मी मंडळीत भगिनी मंडळ आणि संडे स्कूल बघायचे. सासूबाईंना अर्धांगवायू झाला, उजवी बाजू गेली, तेव्हा मी दोन्ही सोडलं. वर्षाखेरीस सेवेचा अहवाल भरायचा असतो. नवे लोक किती आणले, बाप्तिस्मे किती, घरसभा किती, असे रकाने. माझ्या नावापुढे सगळीकडे शून्य. सासूबाई जन्माच्या ख्रिस्ती, त्यामुळे त्या कुठल्याच रकान्यात बसेनात! मग एका रविवारी आमच्या मंडळीच्या एका वडिलांनी (मंडळीचे पुढारी, एल्डर) योहानाच्या शुभवर्तमानाच्या 15व्या अध्यायावर संदेश दिला. येशू द्राक्षवेल आणि आपण त्याचे फाटे, असा तो भाग. सहावं वचन आलं, वाळलेले फाटे गोळा करून अग्नीत टाकतात ते, तेव्हा ते थांबले आणि बराच वेळ भगिनींच्या बाजूला बघत राहिले. कुणाकडे, ते सगळ्यांना कळलं.

घरी काय चाललं होतं ते त्यांना माहीत नव्हतं. सासूबाईंची जीभ आधीच तिखट. आजारपणात शब्द अडखळायला लागले, तिखटपणा तेवढाच राहिला. औषधाचा चमचा डाव्या हाताने उडवायच्या आणि म्हणायच्या, तुझ्या हाताने औषधसुद्धा कडू लागतं. रात्री चादर बदलायला उठवायच्या. बदलून झाली, कुशीवर वळवलं, पाठीला उशी लावली, की म्हणायच्या, सुरकुती राहिली. आणि राहिलेली असायचीही. मी तोंडातून अवाक्षर काढायचे नाही. फक्त बाहेर येऊन स्वयंपाकघराचं दार असं आपटायचे की सगळ्या घराला कळावं. हे बरेच महिने चाललं. मग एकदा मुलगी सहज म्हणाली, "आई, हल्ली दार वाजत नाही गं." माझ्या ते लक्षातही आलं नव्हतं. त्यासाठी मी ना उपास केला होता, ना कुठे प्रार्थनेला हात वर केला होता. प्रार्थना करायचे ती बहुतेक झोप मिळावी म्हणून.

पौलाने गलतीकरांना लिहिलेल्या पत्राच्या 5व्या अध्यायात आत्म्याचं फळ म्हणून जी यादी आहे, त्यातली सहनशीलता ती हीच, असं मी आजही ठासून सांगते. प्रीती, आनंद, शांतीपासून इंद्रियदमनापर्यंतची यादी आपण भिंतीवर टांगतो, पण ती कुणाला लिहिली ते विसरतो. त्याच अध्यायात पंधराव्या वचनात पौल त्या लोकांना म्हणतो की तुम्ही एकमेकांना चावता आणि खाता. भांडणाऱ्या मंडळीला लिहिलेली यादी आहे ती. एकट्याने खोलीत बसून यातलं फारसं काही उगवत नाही. सहनशील व्हायचं तर सहन करायला कुणीतरी लागतं.

वाढ ओळखायची कशी? खरं सांगू, तुम्ही ओळखूच नका. मार्कच्या शुभवर्तमानाच्या 4थ्या अध्यायातल्या दाखल्यातला माणूस बी टाकतो, रात्री झोपतो, दिवसा उठतो आणि ते कसं वाढतं हे त्याला कळत नाही. रोजच्या शांतसमयाची (एकट्याने वचन वाचून प्रार्थना करायच्या वेळेची) वही, त्यात स्वतःला गुण देणं, हे सगळं मला भंपक वाटतं. विचारायचंच असेल तर एका छताखाली राहणाऱ्यांना विचारा, आणि उत्तर आलं की वाद घालू नका. वचन वाचणं, प्रार्थना, मंडळीत जाणं तुम्ही करताच आहात, ते चालू ठेवा.

त्या वडिलांनी योहान 15 मधलं सहावं वचन वाचण्याआधी क्रमांक दोनचं वचन वाचायला हवं होतं. फळ न देणारा फाटा पिता काढून टाकतो, पण फळ देणाऱ्यालाही अधिक फळ यावं म्हणून तो साफसूफ करतो. दोन्हीकडे कात्री आहेच. द्राक्ष नव्या फुटीवर धरतं, म्हणून वेल दरवर्षी छाटावाच लागतो, आणि छाटल्याछाटल्या तो मेल्यासारखाच दिसतो. सेवा सुटली म्हणजे माणूस वाळला, हे लांबून बघून कोण ठरवणार?

आता एक कबूल करायला हवं. रोमकरांना लिहिलेल्या पत्रात (1:13) पौल आपल्याला त्या लोकांमध्ये फळ मिळावं असं म्हणतो, तेव्हा लीडरचं म्हणणं अगदीच निराधार नाही. साक्ष द्यायची, म्हणजे इतरांना येशूविषयी सांगायची, टाळाटाळ करण्यासाठी माझं उत्तर वापरू नका. आणि घरात कुणी मारहाण करत असेल, तर ती सोसणं म्हणजे आत्म्याचं फळ नव्हे. तिथून बाहेर पडायचं आणि मदत मागायची.

सेल सोडू का, असंही तुम्ही विचारलंय. लगेच नका सोडू. आधी लीडरच्या घरच्यांशी ओळख वाढवा, ते घरात कसे वागतात ते कळू द्या, मग त्यांचं किती मनावर घ्यायचं ते ठरवा. आमच्या त्या वडिलांच्या सूनबाईंची आणि माझी चांगली ओळख आहे, एवढंच सांगते.