सातपूरच्या बंद शेडमध्ये दिवसा दिवे न लावता अभ्यासिका आणि खेळघर चालेल का?

तुमचा प्रश्न असा, की नाशिकच्या सातपूर एमआयडीसीतली वर्षानुवर्षं बंद असलेली शेड मिळाली तर तिथे अभ्यासिका, बॅडमिंटन आणि मुलांसाठी खेळघर नैसर्गिक उजेडावर चालवता येईल का. येईल. मी शेडच्या छतांची कामं करतो, त्यावरून सांगतो: उजेडाची काळजी सोडा, तो बहुधा तिथे आधीपासूनच आहे. खरा प्रश्न उन्हाच्या तापाचा आहे.

शेड बघायला गेलात की आधी मान वर करा. छत करवतीच्या दात्यांसारखं असेल तर तुमचं नशीब चांगलं. याला आमच्याकडे नॉर्थ लाइट म्हणतात. दात्याच्या उभ्या बाजूला उत्तरेकडे तोंड करून काचा असतात. लेथवर उभ्या असलेल्या कामगाराला व्हर्नियरवरची, म्हणजे बारीक मापं घ्यायच्या पट्टीवरची, रेघ स्वच्छ दिसावी, हातावर ऊन येऊ नये, म्हणून केलेली ही सोय. पुस्तकालाही नेमका तोच उजेड लागतो. बंद शेडमध्ये या काचा काळ्या पडलेल्या असतात: तेलाची वाफ, धूळ, कबुतरांची घाण, कुठे कुठे फासलेला चुना. एक काच धुण्याच्या सोड्याने घासून घ्या आणि खाली बघा. कोबा उजळतो, जुन्या मशीनचे फाउंडेशन बोल्ट आणि पुसट झालेले पिवळे पट्टे दिसायला लागतात. हे पाहिल्यावर फॉल्स सीलिंगचा विषय कुणी काढू नये, अशी माझी मनापासून इच्छा असते.

आता नाशिकचं गणित. आपण २० अंश उत्तर अक्षांशावर आहोत, म्हणून साधारण २१ मे ते २२ जुलै सूर्य भर दुपारीही डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. ते ऊन वीतभर छज्जा अडवतो. त्रास सकाळ-संध्याकाळचा. उन्हाळ्यात तेव्हा ऊन उत्तरेच्या काचेतूनही तिरकं आत येतं, त्याला बाहेरून उभ्या पट्ट्या लागतात. परदेशातले फोटो बघून केलेल्या ड्रॉइंगमध्ये त्या हमखास राहून जातात.

साधी कैचीची, म्हणजे त्रिकोणी सांगाड्याच्या छताची, सिमेंटच्या पत्र्याची शेड असेल तर बाजूच्या खिडक्यांवर विसंबू नका. खिडकीचा वरचा काठ जमिनीपासून जितका उंच, त्याच्या दोन-अडीच पटीपर्यंतच उजेड आत पोहोचतो. मधले काही पत्रे काढून तिथे पॉलिकार्बोनेटचे दुधी पत्रे घाला, यूव्ही थराची बाजू वर ठेवून. साधा फायबरचा पत्रा लवकर पिवळा पडतो. हे पत्रे छताच्या ५ टक्क्यांच्या आसपासच ठेवा, नाहीतर एप्रिलमध्ये आत बसवणार नाही. आढ्याला गरम हवा निघून जायला वाट हवीच. जुन्या सिमेंटच्या पत्र्यात बहुतेक वेळा ॲस्बेस्टॉस असतं. त्याला ड्रिल मारू नका, तो फोडू नका. जाणकार माणसांकडून, ओला करून, अख्खा उतरवून घ्या. ती धूळ फुप्फुसात बसली की बसली.

बॅडमिंटनचं कोर्ट पूर्व-पश्चिम आखा. उत्तरेकडे तोंड असलेल्या खेळाडूला काचेच्या झगमगाटात शटल दिसत नाही.

ब्राझीलमधल्या साओ पावलोत तेलाच्या पिंपांचा बंद कारखाना होता. लीना बो बार्दी ही वास्तुविशारद तिथे गेली तेव्हा कुटुंबं, मुलं त्या शेडमध्ये आपापली वेळ घालवायला येत होती. तिने शेड पाडू दिल्या नाहीत. छतात काचेची कौलं घातली, आत पाण्याचा एक लांब वळणदार प्रवाह आणि शेकोटी केली, वाचायला-बसायला जागा ठेवली. १९८२ मध्ये सुरू झालेलं ते ठिकाण आजही चालतं. मला त्यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे, की लोक काय करताहेत ते तिने आधी पाहिलं.

सजावटीला बांबू, ताडपत्री, कापडी छत मात्र नको. डिसेंबर २०१७ मध्ये मुंबईत कमला मिलच्या आवारात गच्चीवरच्या आगीत १४ जण गेले. बाहेर पडायला वेगवेगळ्या दिशांना किमान दोन रुंद दारं ठेवा आणि ती कुलूपबंद राहणार नाहीत हे पाहा.

एमआयडीसीचा प्लॉट भाडेपट्ट्यावर असतो, त्यामुळे वापर बदलायची लेखी परवानगी आधी, खर्च नंतर. ती येईपर्यंत एक काम करून ठेवा: सकाळी नऊ, दुपारी बारा आणि चार वाजता कोब्यावर ऊन कुठे पडतं ते खडूने आखून फोटो काढा. मे आणि डिसेंबर, दोन्ही महिन्यांचे असतील तर अभ्यासिकेची टेबलं कुठे आणि खेळ कुठे, हे आर्किटेक्टला त्यावरूनच ठरवता येईल.