शेवटच्या डीपीपासून सुरुवात कर

प्रिय बेटा,

अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला तालुक्याचा ऊर्जा आराखडा सावकाश वाचला. मेहनत जागोजाग दिसते, नकाशे तर फार सुरेख झालेत. पण तो कोळशापासून सुरू होतो, मग ऊन येतं, मग पराटी (कापसाची वाळलेली झाडं), मग गोबरगॅस, आणि वावरातल्या मोटरीपर्यंत पोचेस्तोवर कागद संपतो. हा क्रम उलटा कर, एवढंच मला सांगायचं आहे. कॉलेजात साधनसंपत्ती आधी आणि गरज मागून असंच शिकवतात, त्यामुळे तुला लगेच पटणार नाही. म्हणून जरा लांबण लावतो.

विदर्भ राज्याला वीज पुरवतो आणि आपण अंधारात बसतो, असं तू पहिल्याच पानावर लिहिलंस. खोटं नाही. चंद्रपूर २,९२० मेगावॅट, तिरोडा ३,३००, मौदा २,३२०, शिवाय कोराडी, खापरखेडा, पारस. वणी, घुग्घुस, उमरेडच्या खाणी. एका युनिटमागे पाऊण किलोच्या आसपास कोळसा आणि तीनेक लिटर पाणी जातं, आणि त्या कोळशातला तिसरा हिस्सा राख होऊन इथेच पडून राहतो. २०१० च्या उन्हाळ्यात इरई धरण तळाला गेलं तेव्हा चंद्रपूरचे संच बंद ठेवावे लागले होते. म्हणजे धूळ आपली, राख आपली, पाणीही आपलंच. गाऱ्हाणं रास्त आहे. १९५३ च्या नागपूर करारापासून दांडेकर समितीच्या १९८४ च्या अहवालापर्यंत विदर्भाच्या विकासातल्या अनुशेषाच्या कागदांनाही तोटा नाही. सभेत टाळ्या घ्यायला मुद्दा उत्तम, पण त्याच्यावर आराखडा उभा राहत नाही. चंद्रपूरची वीज चार लाख व्होल्टच्या लाईनवर चढली की देशाच्या ग्रिडची झाली. उद्या आणखी एक संच लागला तरी तुझ्या गावच्या टोकाच्या विहिरीवर व्होल्टेज वाढायचं नाही. तुझ्या तालुक्यातला तुटवडा वीज पोचण्यातला आहे, आणि ती कोणत्या वेळी पोचते यातला आहे.

आधी पोचण्याचं बोलू. ६३ केव्हीएची एक डीपी, म्हणजे शिवारातला ट्रान्सफॉर्मर, घे. पाच एचपीची मोटर चालताना सहा केव्हीएच्या आसपास ओढते, म्हणजे त्या डीपीवर दहा मोटरी सुखानं चालाव्यात. कागदावर भार तेवढाच दिसेल. पण कागदावर तीन एचपी आणि विहिरीत पाच, हे आपल्याकडे घरोघरचं आहे. त्यात तारेवर चोरून आकडे टाकणारे वेगळे. आणि त्याहून वाईट म्हणजे ऑटो स्विच. थ्री फेज आली की मोटर आपोआप सुरू व्हावी म्हणून कास्तकार तो बसवतो. त्याचं तरी काय चुकलं? दोन किलोमीटर चालत जाऊन बटण दाबायचं, आणि घरी पोचेपर्यंत लाईन पुन्हा गेलेली. पण चालू होताना मोटर नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. सगळ्या एकाच क्षणी सुरू झाल्या की डीपी गुरगुरते आणि फ्यूज उडतात. तिकडे उपकेंद्रात ऑपरेटर फीडर, म्हणजे गावांकडे जाणारी लाईन, चार्ज (चालू) करतो, अँपिअरचा काटा वर जातो, फीडर ट्रिप. तो थोडं थांबून पुन्हा प्रयत्न करतो, पुन्हा ट्रिप. गावात बोंब होते की भारनियमन आहे, आणि उपकेंद्रात तर वीज हजर असते.

टोकाच्या विहिरीची कथा आणखी वाईट. डीपीपासून दीड-दोन किलोमीटर बारीक तार, तिच्यावर ठिकठिकाणी पीळ मारलेले जोड. चारशे पंधरा व्होल्ट पाहिजेत तिथे तीनशेच्या जरा वर मिळतात. व्होल्टेज कमी झालं की मोटर करंट जास्त ओढते, तापते, वाइंडिंग जळतं. यावर एक उपाय तुझ्या आराखड्यात कुठेच नाही, आणि तो सगळ्यात स्वस्त आहे: प्रत्येक मोटरीला योग्य मापाचा कॅपॅसिटर. त्यानं तारेतला करंट कमी होतो, डीपीवरचं ओझं उतरतं. पण एकट्यानं बसवून फारसा उपयोग नाही, डीपीवरच्या बहुतेकांनी बसवायला पाहिजे. ते जमवणं तुझं काम, त्याला कुठलं सॉफ्टवेअर नाही.

हे सगळं शोधायचं कुठे, तर तालुक्याच्या बाजारपेठेत रिवाइंडिंगवाल्याकडे जा. कोणत्या शिवारातल्या मोटरी वारंवार जळून येतात हे तो वही न उघडता सांगेल. तुझ्या जीआयएस नकाशापेक्षा ती माहिती ताजी असते. मग उपकेंद्रात जाऊन फीडरचं रजिस्टर पाहा: किती वाजता चार्ज, किती वाजता ट्रिप, किती अँपिअर. दाखवलं नाही तर माहितीचा अधिकार आहेच, पण तो शेवटी. ऑपरेटर आणि वायरमन यांच्याशी पहिल्याच दिवशी वाकडं घेऊ नकोस. चार-पाच गावं एकाच वायरमनच्या गळ्यात असतात, आणि पावसाळ्यात खांबावर चढणारा तोच असतो. डीपी जळाली तर ग्रामीण भागात ४८ तासांत बदलून द्यायची मुदत वीज नियामक आयोगाच्या कृती मानकांत आहे, उशिराबद्दल भरपाईही आहे. गावात हे कोणाला माहीत नसतं. लोक वर्गणी काढून ट्रॅक्टरनं डीपी नेतात-आणतात आणि वर उपकार मानतात.

आता वेळेचं. शेतीची थ्री फेज चक्राकार पद्धतीनं काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री. चना-गव्हाला ओलीत द्यायचं ते हिवाळ्यात, म्हणजे रात्रीची पाळी आली की थंडीत पाण्याच्या दंडावर उभं राहायचं, पायाखाली साप, धुऱ्यापलीकडे रानडुकरं, आणि चंद्रपूर-गडचिरोलीकडे असेल तर वाघ. सौर ऊर्जेची खरी किंमत मी इथे मोजतो. कोळसा किती वाचला ते सोड. माणूस रात्री घरी झोपला की नाही ते आधी लिही.

म्हणून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेकडे नीट बघ. २०१७ ला सुरू झाली, २०२३ ला तिचा दुसरा टप्पा आला. उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प, त्याची वीज तिथल्याच शेतीच्या फीडरला, दिवसा. एका मेगावॅटला चार-पाच एकर जागा लागते. जमीन भाड्यानं दिली तर हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये, दरवर्षी तीन टक्के वाढ. ज्या ग्रामपंचायतीत प्रकल्प होतो तिला तीन वर्षं दरवर्षी पाच लाख. कल्पना मला पसंत आहे, कारण वीज जिथे खपते तिथेच तयार होते. पण वरून ऊन कितीही आलं तरी खाली तार तीच आणि डीपी तीच. फीडर दुरुस्त न करता सौर प्रकल्प जोडला तर रात्री जळणाऱ्या मोटरी दिवसा जळतील, एवढाच फरक.

आणि जागेचं. तू सरळ लिहून टाकलंस की गावची ई-क्लास (सरकारी, गायरान) जमीन 'विनावापर' पडून आहे. कोणी सांगितलं तुला? तलाठ्याच्या सातबाऱ्यानं? त्या जमिनीवर सकाळी गुरं कोण नेतं ते एकदा बघून ये. तिथे भूमिहीनांची वर्षानुवर्षांची वहिवाट असते, कोणाचा पट्ट्याचा अर्ज पडून असतो, कोणाच्या शेळ्या तिच्यावरच जगतात. पॅनलला कुंपण पडलं की ही माणसं बाहेर, आणि ग्रामसभेत ती बोलत नाहीत, मागे बसतात. ठरावाच्या आधी त्यांच्या घरी जा. जागा बदलावी लागली तर बदल. उपकेंद्रापासून चार-पाच किलोमीटरच्या आत मुरमाड, पडीक खाजगी जमीन पुष्कळदा निघते, आणि भाडं कास्तकाराच्या हातात पडतं.

वैयक्तिक सौर पंपाबद्दल तू फारच खूश आहेस. दहा टक्के रक्कम भरायची, अनुसूचित जाती-जमातींना पाचच टक्के, अडीच एकरांपर्यंत तीन एचपी, पाच एकरांपर्यंत पाच, पुढे साडेसात. चांगलं आहे, आणि डीपीपासून लांब एकटी विहीर असेल तर याहून बरा उपाय नाही. तरी दोन प्रश्न सोडू नकोस. एक, पाणी. वरुड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यात भूजल उपशानं पाणी किती खोल गेलं ते तुला ठाऊक आहे. फुकटचं ऊन आणि फुकटची वीज दोन्ही मिळाली की बोअर बंद करायचं कारणच उरत नाही. ज्या गावात विहिरी मार्चमध्ये तळ दाखवतात तिथे पंपाच्या अर्जाबरोबर ठिबक आणि गावतलावातला गाळ काढणं यांची पानं जोड.

दुसरा प्रश्न मला जास्त आवडतो: पंप बंद असतो तेव्हा पॅनल काय करतं? आपल्याकडे ओलीत वर्षाचे काही महिनेच. चना निघाला की पॅनल वावरात नुसतं उन्हं खात बसतं. आणि नेमकी तेव्हाच तूर घरात आलेली असते, आणि ती आपण व्यापाऱ्याला तशीच देऊन टाकतो, मग डाळ दुकानातून आणतो. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानं मिनी डाळ मिल कधीच तयार करून दिली आहे, बचत गटांनी ती चालवलीही आहे. डाळीला वाळवण लागतं, वाळवणाला ऊन लागतं, आणि फेब्रुवारी-मार्चचं ऊन पॅनललाही मानवतं. मे महिन्यात मात्र भ्रमात राहू नकोस. पंचेचाळीसच्या उन्हात पॅनल सत्तर अंशांकडे तापतं आणि उत्पादन दहा-पंधरा टक्क्यांनी घटतं. वणी-घुग्घुसकडे असशील तर वर खाणीची धूळ, म्हणजे रोज पुसणं आलं. पंपाच्या पॅनलवर दुसरी यंत्रं चालवायला युनिव्हर्सल कंट्रोलर मिळतो. कडबाकुट्टी, चक्की, डाळ मिल यांचा हिशेब त्यावर मांड. तुझ्या आराखड्यातली ही एकच गोष्ट अशी असेल जी ऐकायला गावातल्या बाया उठून पुढे येतील.

पराटीवर तू दहा मेगावॅटचा वीज प्रकल्प सुचवलास. तिथे मी लाल पेन घेतलं. हिशेब कर: युनिटला सव्वा किलो धरलं तरी वर्षाला ऐंशी हजार टनांच्या वर पराटी लागेल. एकरी टनभर धर. ती वेचणार कोण, आणणार कोण? पराटी म्हणजे हवा. ट्रॉली भरलेली दिसते आणि काट्यावर काही भरत नाही. विदर्भात बायोमासचे असे प्रकल्प उभे राहिले आणि इंधनाच्या भावानं जेरीस आले. प्रकल्प यायच्या आधी पराटी फुकट असते, आल्यावर तिला भाव फुटतो. त्यापेक्षा वावरातच कुट्टी करून, वीस-पंचवीस किलोमीटरच्या आत, पेलेट किंवा ब्रिकेटचा (दाबून केलेल्या इंधनाच्या गोळ्या-विटांचा) छोटा कारखाना बघ. नागपूरला कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेच्या जिनिंग प्रशिक्षण केंद्रात यावर काम झालेलं आहे, तिथे जाऊन ये. औष्णिक केंद्रांनी कोळशात काही टक्के पेलेट मिसळावेत असं केंद्राचं धोरण आहे, म्हणजे गिऱ्हाईक आपल्याच दाराशी आहे. आणि फरदड (वेचणी संपल्यावरही लांबवलेलं कापसाचं पीक) न घेता जानेवारीतच वावर साफ झालं तर गुलाबी बोंडअळीचं चक्रही तुटतं. कास्तकाराला हे कारण आधी सांग, पैशाचं नंतर.

भंडारा-गोंदियाकडचा धानाचा कोंडा तुझ्या तालुक्यात नाही, ते पान काढून टाक. गोबरगॅसचं पान ठेव, पण दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज पन्नास किलो शेण लागतं. ज्या घरी बैलजोडी विकून ट्रॅक्टर आला तिथे घुमट बांधून फायदा नाही. आधी गोठे मोज.

शेवटचं, आणि याबाबत मी हट्टी आहे. प्रत्येक वस्तूपुढे एक रकाना कर: बिघडली तर कोण दुरुस्त करणार, आणि त्याचे पैसे कुठून. कितीतरी गावांत सौर पथदिव्यांचे खांब उभे आहेत आणि बॅटरी मेलेली आहे, कारण निधी बसवण्यापुरताच होता. तालुक्यातली आयटीआयची चार पोरं-पोरी कंट्रोलर उघडायला शिकली तर अर्धा आराखडा तिथेच वसूल होईल. जिथे हा रकाना रिकामा राहील ती वस्तू खोडून टाक, मग ती कितीही मनाजोगती असो.

बजेटचं पान मी अजून उघडलेलं नाही. आधी डीपीनिहाय यादी पाठव: कुठली डीपी, किती केव्हीएची, मंजूर मोटरी किती, खऱ्या किती, टोकाच्या विहिरीवर थ्री फेज असताना व्होल्टेज किती. व्होल्टेज मोजायचा मीटर नसेल तर माझा वापर, माझा मुलगा पुढच्या आठवड्यात तो घेऊन तिकडे येतोच आहे. एकटी मोजायला जाऊ नकोस, वायरमनला सोबत घे, आणि पावसानं ओल असेल तर त्या दिवशी खांबाला हात लावायचा नाही.

घरी सगळ्यांना नमस्कार सांग.

तुझा,
काका