स्टेपनी आली कुठून?

प्रश्न : आमच्या गाडीसोबतच्या पुस्तिकेत ‘स्पेअर व्हील’ असं छापलंय. माजिवड्याचा पंक्चरवाला, रिक्षावाले, घरातले सगळे मात्र ‘स्टेपनी’ म्हणतात. मुलगा म्हणतो, ‘स्टेप’वरून आपल्याकडेच कुणीतरी बनवलेला हा शब्द आहे. खरं काय?
– एक वाचक, ठाणे (पश्चिम)

उत्तर : ताई, तुमच्या पंक्चरवाल्याचा शब्द अस्सल आहे. ‘स्टेप’शी त्याचं काही नातं नाही. स्टेपनी हे एका रस्त्याचं नाव. वेल्समधल्या लनेली गावात स्टेपनी स्ट्रीट आहे. तिथल्या थॉमस आणि वॉल्टर डेव्हिस या भावांनी १९०४ साली एक जोडचाक काढलं आणि त्याला आपल्या रस्त्याचं नाव दिलं.

वागळे इस्टेटमध्ये मी गॅरेज चालवायचो, तेव्हा नव्या पोरांना हे आवर्जून सांगायचो, कारण खरी गंमत त्या चाकाच्या रचनेत आहे. त्या काळी मोटारीचं चाक सहज निघत नसे. रस्ताभर घोड्यांच्या नालांचे खिळे पडलेले. पंक्चर झालं की चाक जागेवरच ठेवून टायर उचकटायचा, ट्यूबला ठिगळ लावायचं, पंप मारत बसायचं. डेव्हिस बंधूंच्या चाकाला आरेच नव्हते. नुसती रिम आणि हवा भरलेला टायर. बसलेल्या चाकाच्या बाहेरच्या अंगाला ती रिम क्लॅम्पांनी आवळायची आणि निघायचं. म्हणजे जुनं चाक न काढता शेजारी दुसरं बांधायचं! मला आजही या युक्तीचं फार कौतुक वाटतं.

पुढे बोल्टवर निघणारी चाकं आली, अख्खं चाक सोबत नेणं सोपं झालं आणि ती वस्तू गेली. नाव आपल्याकडे राहिलं. ब्राझीलमध्येही जादा चाकाला ‘एस्तेपे’ म्हणतात, तोही याच रस्त्याचा शब्द.

हल्ली काही गाड्यांत बारीक चाक देतात, त्यावर ताशी ८० किलोमीटरची मर्यादा लिहिलेली असते. पंक्चरच्या दुकानापर्यंत पोचवणं एवढंच त्याचं काम, म्हणून मूळ स्टेपनीच्या जवळचं तेच.

आणि ताई, डिकी उघडून स्टेपनीतली हवा आजच बघून घ्या. गायमुखच्या चढावर, पावसात, रात्री स्टेपनी काढावी आणि तीही बसलेली निघावी, अशी माणसं मी पाहिली आहेत. बारीक चाकाला नेहमीच्या टायरपेक्षा बरीच जास्त हवा लागते. आकडा त्याच्याच कडेवर छापलेला असतो, तो पंक्चरवाल्याला दाखवा.