त्रिनिदादला बोट दुरुस्तीसाठी तीन आठवडे अडकलो आहोत. नवरा बोट सोडून कुठे जायला तयार नाही. एवढ्यात काय बघता येईल?

त्यांना म्हणावं, खुशाल बसा. तुमच्या तोंडाकडे बघून पार्ट लवकर यायचा नाही.

मी २३ वर्षं व्यापारी जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढली. निवृत्त झाल्यावर फ्लोरिडातल्या मेव्हण्याच्या ३८ फुटी शिडाच्या बोटीवर जरा मदतीला म्हणून गेलो आणि चागुआरामासच्या (त्रिनिदादचा बोट दुरुस्तीचा भाग) एका यार्डात २६ दिवस शिडी चढत-उतरत राहिलो. कटलस बेअरिंग, म्हणजे पंख्याच्या शाफ्टचा पाण्यातला रबरी आधार, खलास, शाफ्ट वाकलेला, नवा मायामीहून यायचा. मेव्हणा रोज सकाळी आठला बोटीखाली खुर्ची टाकून बसायचा. का, तर मालक समोर दिसला की माणसं काम करतात. मेकॅनिक कधी येणार विचारलं की उत्तर ठरलेलं, "जस्ट नाऊ". हे आपल्याकडच्या "निघालोच"सारखं. माणूस अजून अंघोळीला गेलेला नसतो.

मी हर्णैचा. आमच्याकडे पावसाळ्यात होड्या शाकारल्या की खाली खुर्ची टाकून कोणी बसत नाही. इथेही तेच आहे. जून ते नोव्हेंबर वादळांचा मोसम, त्रिनिदाद त्या पट्ट्याच्या दक्षिणेला, म्हणून वरच्या बेटांवरच्या बोटी इथे येऊन टेकतात. तुमच्या पुढे रांग असणारच.

१९व्या दिवशी मी पिच लेकला गेलो. पोर्ट ऑफ स्पेनहून सॅन फर्नांडोपर्यंत वॉटर टॅक्सी, पुढे गाडी करून ला ब्रेआ. हे डांबराचं तळं आहे, जवळजवळ ४० हेक्टर, आणि त्यावरून चालता येतं. तापल्या दुधावरची साय चमच्याने सरकवल्यावर घड्या पडतात तसं दिसतं, घड्यांमध्ये पावसाचं पाणी साठलेलं आणि गंधकाचा वास. गाइडने मऊ जागी काठी खुपसून वर ओढली, तर दोन तारी पाकासारखी तार निघाली. १५९५ साली इंग्लिश दर्यावर्दी वॉल्टर रॅलेने इथलंच डांबर काढून आपल्या जहाजांच्या फटी बुजवल्या होत्या. बोट दुरुस्तीत अडकलेल्या माणसाने हे नाही बघायचं तर काय बघायचं?

नेमका त्याच दिवशी मेकॅनिक उगवला. शाफ्ट बसवला आणि बोट जमिनीवर असतानाच कपलिंगचं, म्हणजे इंजिन आणि शाफ्टच्या जोडाचं, अलाइनमेंट करून मोकळा झाला. मेव्हणा खुर्चीतून बघत होता, वर सहीही केली. बोट पाण्यात गेली आणि १८०० आरपीएमला कपाटातले कप नाचायला लागले. अहो, टेकूंवर उभ्या बोटीचा आकार वेगळा, तरंगणाऱ्या बोटीचा वेगळा. बोट पाण्यात एक-दोन दिवस राहू द्यायची, मग कपलिंगच्या चारी बाजूंना फिलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, घालून बघायचं. चार इंची कपलिंगला ०.१ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक चालत नाही. मी ते पुन्हा केलं, अर्धा दिवस गेला. मेव्हण्याचं म्हणणं, "तू फिरायला गेलास म्हणून झालं." हजर कोण होतं? तो! बसून राहण्याचा उपयोग काय झाला, सांगा.

तुमचे तीन आठवडे. संध्याकाळी कॅरोनीच्या दलदलीत लाल आयबिस पक्षी झाडांवर उतरताना बघा. मराकसच्या किनाऱ्यावर 'बेक अँड शार्क' खा. बेक म्हणतात, पण असतं तळलेलं, आणि शार्क म्हणजे आपली मोरी. सकाळी डबल्स, म्हणजे तळलेल्या मऊ पुऱ्यांत छोले, तिखट 'स्लाइट' सांगा, आपल्यालाही पुरतं. दालपुरी बघून पुरणपोळी आठवेल, पण आत गूळ नाही, वाटाण्याची डाळ आणि जिरं. ३० मे १८४५ला भारतातून पहिलं गिरमिटियांचं जहाज इथे लागलं, त्यांच्या चुलीवरचं हे. वॉटरलूचं समुद्रातलं मंदिरही चुकवू नका. सिवदास साधूंनी आधी जमिनीवर बांधलेलं पाडलं गेलं, म्हणून त्यांनी सायकलवरून दगड वाहून समुद्रात भर घातली. यार्डातून मिळणाऱ्या पॅकेज टूर घेऊ नका, पोर्ट ऑफ स्पेनपर्यंत पिवळ्या पट्ट्याची मॅक्सी टॅक्सी, म्हणजे ठरल्या मार्गावरची छोटी बस, पुरते.

मात्र अंधार पडल्यावर पोर्ट ऑफ स्पेनमध्ये भटकू नका, आणि कुठे जावं न जावं ते त्या-त्या दिवशी यार्डातल्या लोकांना विचारा. पार्ट मागवताना पार्सलवर बोटीचं नाव आणि "यॉट इन ट्रान्झिट" लिहायला सांगा, नाहीतर ड्युटीवरून अडकतं. आणि हो, काम शाफ्टचं असेल तर बसवायच्या दिवशी तिथे थांबा. नवऱ्यांना खुर्ची सोडवतच नसेल, तर हातात फिलर गेज देऊन बसवा.

मेव्हणा हे वाचणारच आहे. २६पैकी ७ दिवस हा गावभर हिंडत होता, असं तो खाली लिहील. सहा. सातव्या दिवशी मी कस्टम्समध्ये त्याचाच शाफ्ट सोडवत उभा होतो.